एटीआरच्या उजव्या आसनाकडे : प्रादेशिक विमान कंपनीच्या मुलाखतीची तयारी

व्यावसायिक वैमानिकाचा परवाना हातात आला, लॉगबुकात दोनशे तास जमा झाले, आणि त्यानंतर वर्ष-दीड वर्ष कोणाचेही बोलावणे आले नाही, अशा अवस्थेतले उमेदवार महाराष्ट्रात थोडेथोडके नाहीत. बोलावणे येते तेव्हा ते बहुधा आठ-दहा दिवसांच्या मुदतीचे असते, आणि तेवढ्या वेळात हवामानशास्त्रापासून हवाई नियमांपर्यंतची सगळी पुस्तके पुन्हा वाचून काढण्याच्या नादात बऱ्याच जणांची नेमकी आवश्यक तयारी करायची राहून जाते. मी या मुलाखतीला उमेदवार म्हणून बसलो आहे आणि पुढे टेबलाच्या पलीकडच्या बाजूलाही बसलो आहे. पुढील विवेचन भारतातील प्रादेशिक कंपन्यांच्या, मुख्यतः एटीआर जातीच्या टर्बोप्रॉप (टर्बाइन इंजिनाने प्रोपेलर फिरवणाऱ्या) विमानांवरील सहवैमानिकपदाच्या निवडीला धरून केले आहे.

मुलाखत मंडळ प्रश्न कितीही विचारत असले, तरी त्याला उत्तर हवे असते ते एकाच प्रश्नाचे : जुलै महिन्यात, दिवसाच्या चौथ्या उड्डाणात, आयएलएस (धावपट्टीपर्यंत अचूक वाट दाखवणारी रेडिओ यंत्रणा) नसलेल्या आखूड धावपट्टीवर पावसात उतरताना हा माणूस माझ्या उजवीकडे बसलेला मला चालेल का? तयारी करताना हे ध्यानात ठेवले, म्हणजे काय वाचायचे आणि काय सोडून द्यायचे याचा निवाडा आपोआप होत जातो.

कंपनी कोठे उडते हे आधी पाहावे

‘तुम्हाला आमच्याच कंपनीत का यायचे आहे?’ या प्रश्नाला ‘लहानपणापासून विमानांचे वेड’ हे उत्तर मंडळाने त्या दिवशी सकाळपासून सहा वेळा ऐकलेले असते. त्याऐवजी कंपनीच्या संकेतस्थळावरील वेळापत्रक घेऊन एका मोठ्या कागदावर तिचे सगळे मार्ग स्वतःच्या हाताने काढावेत, आणि प्रत्येक विमानतळासमोर धावपट्टीची दिशा व लांबी, समुद्रसपाटीपासूनची उंची, आयएलएस आहे की व्हीओआर (जमिनीवरील रेडिओ दिशादर्शक) अथवा आरएनपी (उपग्रहाधारित) पद्धतीनेच उतरावे लागते, आणि आसपास डोंगर कोणत्या बाजूला आहेत, एवढे लिहावे. ही सर्व माहिती भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या एआयपी या अधिकृत माहितीसंग्रहात मोफत उपलब्ध असते. एक संध्याकाळ या कामाला द्यावी. मुलाखतीत याचा जेवढा उपयोग होतो, तेवढा प्रश्नसंचाच्या शंभर पानांचा होत नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये केंद्र सरकारने ‘उडान’ ही प्रादेशिक जोडणीची योजना आणली, तिच्यात सुमारे एका तासाच्या प्रवासाच्या ठरावीक जागांना अडीच हजार रुपयांची भाडेमर्यादा घातली, आणि तोट्याची भरपाई अनुदानातून करण्याची व्यवस्था केली. २७ एप्रिल २०१७ रोजी शिमला-दिल्ली मार्गाबरोबर ज्या सेवांना हिरवा झेंडा दाखवण्यात आला, त्यांत नांदेड-हैदराबाद ही सेवाही होती. १९९६ पासून असलेली अलायन्स एअर एअर इंडियाच्या विक्रीनंतरही सरकारकडेच राहिली. ती एटीआर ७२ बरोबर एटीआर ४२ आणि डॉर्नियर २२८ विमानेही चालवते. कोल्हापूर जिल्ह्यातील घोडावत उद्योगसमूहाची स्टार एअर २०१९ पासून एम्ब्रायर जेट विमाने उडवते. गोव्याच्या मोपा विमानतळावर तळ असलेली फ्लाय ९१ मार्च २०२४ मध्ये एटीआर ७२-६०० विमानांसह सुरू झाली. सिंधुदुर्गातील चिपी विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये, तर अमरावतीचे बेलोरा एप्रिल २०२५ मध्ये प्रवाशांसाठी खुले झाले. ही यादी मंडळापुढे म्हणून दाखवण्यासाठी नाही. मात्र एम्ब्रायरवाल्या कंपनीत जाऊन प्रोपेलरच्या फायद्यांवर बोलणारा उमेदवार मी पाहिला आहे, म्हणून हे सांगणे आवश्यक वाटले.

टर्बोप्रॉप का, याचे उत्तर मात्र स्वतःच्या शब्दांत तयार असावे. तीन-चारशे किलोमीटरच्या मार्गावर जेट विमान वर चढून स्थिरावते न स्थिरावते तोच त्याला खाली यावे लागते. त्यामुळे त्याचा वाचणारा वेळ मोजक्या मिनिटांचा असतो आणि इंधनाचा खर्च मात्र पुष्कळ जास्त असतो. शिवाय सत्तरच्या आसपास आसने भरणे लहान शहरांतून शक्य असते, एकशे ऐंशी भरणे कठीण.

कागदपत्रांची फाइल

फाइल हा मुलाखतीचा पहिला भाग आहे, कारण ती उमेदवाराच्या आधी मंडळासमोर पोचते. व्यावसायिक परवाना, एफआरटीओएल (विमानातील रेडिओ वापरण्याचा परवाना), आरटीआर (रेडिओ संभाषणाच्या परीक्षेचे) प्रमाणपत्र, पहिल्या वर्गाचे वैद्यकीय प्रमाणपत्र, इंग्रजी भाषाप्रावीण्याची नोंद, इन्स्ट्रुमेंट रेटिंगची (केवळ उपकरणांवर उडण्याच्या पात्रतेची) शेवटची चाचणी, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, पारपत्र आणि लॉगबुक, एवढी कागदपत्रे मुदतीच्या तारखांच्या क्रमाने लावावीत आणि सर्वांत वर एका कागदावर त्या तारखांचा तक्ता ठेवावा. इन्स्ट्रुमेंट रेटिंग एका वर्षात संपते, पहिल्या वर्गाची वैद्यकीय मुदतही साधारण तेवढीच असते, आणि भाषाप्रावीण्य चौथ्या पातळीचे असेल तर ते तीन वर्षांनी पुन्हा सिद्ध करावे लागते. नोकरीच्या प्रतीक्षेत या तिन्ही मुदती टळून गेलेले उमेदवार फाइल पाहतानाच बाहेर जातात.

महाराष्ट्रातील उमेदवारांची एक खास अडचण आहे. आपल्या राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव आणि त्यानंतर वडिलांचे नाव छापलेले असते. पारपत्रावर आडनाव वेगळ्या रकान्यात जाते, आणि परवान्यावर तिसराच क्रम येऊ शकतो. कोठे वडिलांचे नाव गाळलेले असते, तर कोठे ‘व’ साठी एका ठिकाणी एक आणि दुसऱ्या ठिकाणी दुसरे इंग्रजी अक्षर आलेले असते. विवाहानंतर नाव बदललेल्या महिला उमेदवारांच्या बाबतीत हा गुंता आणखी वाढतो. यासाठी प्रतिज्ञापत्र किंवा राजपत्रातील नोंद आधीच करून ठेवावी. मुलाखतीच्या दिवशी नोटरी शोधत फिरण्याची वेळ येऊ देऊ नये.

लॉगबुकाकडे मंडळ संशयाने पाहते, आणि त्याला कारण आहे. २०११ मध्ये बनावट गुणपत्रिकांच्या आधारे परवाने मिळवल्याची प्रकरणे देशभर गाजली आणि त्यानंतर उड्डाण प्रशिक्षण संस्थांच्या नोंदींचीही छाननी झाली. म्हणून मुलाखतीपूर्वी लॉगबुकातील प्रत्येक पानाची बेरीज कागदावर पुन्हा करावी. एकूण २०० तास, त्यांत मुख्य वैमानिक म्हणून १०० तास, लांब पल्ल्याचे तीनशे सागरी मैलांचे उड्डाण, उपकरणांवरील १० तास, रात्रीचे ५ तास व दहा उड्डाणे-अवतरणे, हे आकडे कोणत्या पानांवर आहेत ते चिठ्ठ्या लावून दाखवता आले पाहिजेत. एका उमेदवाराच्या लॉगबुकात जुलै महिन्यातल्या संध्याकाळी साडेसहाच्या उड्डाणाची नोंद रात्रीच्या रकान्यात होती. जुलैत आपल्याकडे सूर्य सातनंतर मावळतो. ती बहुधा लिहिण्यातली साधी चूक असावी, परंतु मंडळाने त्यापुढची वीस मिनिटे लॉगबुकावरच घालवली आणि त्या मुलाला त्याला येत असलेले काहीच सांगता आले नाही. अशी चूक आढळली तर खाडाखोड करू नये. एका रेघेने ती खोडून शेजारी सही व तारीख घालावी, प्रशिक्षण संस्थेकडून ती प्रमाणित करून घ्यावी आणि विचारण्याआधी आपणच ती दाखवावी.

तांत्रिक प्रश्न : आधी आपले विमान, मग त्यांचे

तांत्रिक प्रश्नांची सुरुवात जवळजवळ नेहमी उमेदवाराने ज्या विमानावर प्रशिक्षण घेतले त्या विमानापासून होते, कारण जे विमान तुम्ही दोनशे तास उडवले ते तुम्हाला कळलेले नसेल, तर नवे कळेल यावर कोण विश्वास ठेवणार? सेसना १७२ वर शिकलेल्याला हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये बर्फ कसा तयार होतो. त्याचे पाठ केलेले उत्तर उमेदवार घडाघडा म्हणतो, आणि मग मंडळ शांतपणे विचारते की तुमच्या विमानाला कार्ब्युरेटर होता का. १७२ च्या आर आणि एस या नव्या आवृत्त्यांत इंधन थेट इंजेक्शनने जाते. तेथे कार्ब्युरेटरच नसतो. माझ्या स्वतःच्या मुलाखतीत मला कोरा कागद देऊन माझ्या विमानाच्या इंधनव्यवस्थेचे चित्र काढायला सांगितले होते. मी टाक्या, निवडकळ आणि पंप काढले आणि हवा आत येण्याची नळी विसरलो. ‘मग इंधन खाली कसे येणार?’ एवढाच प्रश्न आला. ते चित्र मी आज झोपेतही काढू शकेन. तुम्ही ते आधीच, न बघता, तीनदा काढून पाहावे : इंधन, वीजपुरवठा, पिटोट-स्टॅटिक (वेग व उंची दाखवणाऱ्या उपकरणांची हवादाब यंत्रणा) आणि ब्रेक.

त्यानंतर प्रश्न बहु-इंजिन विमानाकडे जातात. महत्त्वाचे इंजिन कोणते आणि का, हे सांगताना मागून पाहिल्यास दोन्ही प्रोपेलर घड्याळाच्या दिशेने फिरत असतील तर खाली जाणारे पाते उजवीकडे असते, त्यामुळे उजव्या इंजिनाच्या ओढीचा रोख विमानाच्या मध्यरेषेपासून अधिक दूर पडतो, आणि म्हणून डावे इंजिन बंद पडणे अधिक घातक ठरते, ही साखळी तुटू न देता मांडता आली पाहिजे. व्हीएमसीए (एक इंजिन बंद असतानाही विमान ताब्यात राहील असा किमान वेग) म्हणजे काय, वजन व गुरुत्वमध्य बदलल्यास ती कोणत्या दिशेला सरकते, व्ही-वन (उड्डाण रद्द करण्याचा निर्णय घेता येईल असा शेवटचा वेग) उलटून गेल्यावर इंजिन बंद पडले तर काय करायचे आणि काय करायचे नाही, हे प्रश्न चुकत नाहीत.

ज्या उमेदवाराला टाइप रेटिंग (विशिष्ट जातीचे विमान उडवण्याची पात्रता) नाही, त्याच्याकडून एटीआरच्या प्रत्येक यंत्रणेची माहिती अपेक्षित नसते. तरीही त्या विमानाची प्रकृती कळलेली असावी. एटीआर ७२-६०० ला प्रॅट अँड व्हिटनी कॅनडाची पीडब्ल्यू१२७ मालिकेतील दोन इंजिने असतात आणि प्रत्येक प्रोपेलरला सहा पाती असतात. शेपटीत वेगळे सहायक वीजयंत्र नसते, म्हणून जमिनीवर उजव्या इंजिनाचा प्रोपेलर ब्रेकने थांबवून तेच इंजिन वीज व हवा पुरवते. याला ‘हॉटेल मोड’ म्हणतात, आणि हा शब्द उमेदवाराच्या तोंडून सहज आला की मंडळातील एखाद्याच्या चेहऱ्यावर हसू येते. उड्डाण करताना एक इंजिन बंद पडल्यास एटीपीसीएस ही यंत्रणा त्या बाजूची पाती आपोआप हवेच्या प्रवाहाला समांतर करते, म्हणजेच फेदर करते, आणि दुसऱ्या इंजिनाची शक्ती वाढवते. हे का करावे लागते, हे समजावता आले तर अर्धे टर्बोप्रॉप समजले असे मी मानतो. बंद इंजिनाचा फेदर न झालेला प्रोपेलर वाऱ्यावर फिरत राहतो आणि त्याचा अवरोध विमान सहन करू शकत नाही.

याच अनुषंगाने अपघातांचा अभ्यास येतो, आणि येथे थोडे थांबणे योग्य होईल. ‘तुम्ही कोणत्या अपघाताचा अहवाल वाचला आहे?’ हा प्रश्न विचारला जातोच. एटीआरसंबंधी तीन अपघात नीट माहीत असावेत. ३१ ऑक्टोबर १९९४ रोजी अमेरिकेतील इंडियाना राज्यात रोझलॉनजवळ एटीआर ७२ कोसळून ६८ जण मृत्युमुखी पडले. मोठ्या थेंबांच्या गोठत्या पावसात घिरट्या घालताना पंखावर बर्फरोधक पट्ट्यांच्या मागे बर्फाची कड साचली आणि आडव्या तोलाचे नियंत्रण अचानक हातातून गेले. ४ फेब्रुवारी २०१५ रोजी तैपेईत उड्डाणानंतर लगेच एटीआर ७२-६०० चे उजवे इंजिन आपोआप फेदर झाले, आणि वैमानिकांनी चालू असलेले डावे इंजिन बंद केले. ५८ पैकी ४३ जण दगावले. १५ जानेवारी २०२३ रोजी नेपाळमधील पोखरा येथे उतरण्याच्या बेतात असताना फ्लॅपच्या (पंखामागील पट्ट्यांच्या) लीव्हरऐवजी इंजिनांचे दोन्ही कंडिशन लीव्हर (प्रोपेलर व इंधन नियंत्रित करणारे) फेदर स्थितीत ओढले गेले, दोन्ही प्रोपेलरांची ओढ संपली आणि विमानातील ७२ जणांपैकी कोणीही वाचले नाही.

ही माहिती सांगून थांबणारा उमेदवार सामान्य ठरतो. मंडळाला पुढचे ऐकायचे असते. तैपेईच्या प्रसंगात कोणत्या टप्प्यावर दुसऱ्या वैमानिकाने ‘कोणते इंजिन?’ असे मोठ्याने विचारून दोघांनी मिळून खात्री करायला हवी होती, पोखऱ्यात लीव्हरवर हात ठेवल्यानंतर तो हलवण्यापूर्वी आणि हलवल्यानंतर कोणते आकडे पाहायला हवे होते, आणि तुम्ही स्वतः उद्यापासून कॉकपिटमध्ये काय वेगळे कराल, हे सांगावे. मृतांच्या बाबतीत बोलताना ‘मूर्खपणा’, ‘निष्काळजीपणा’ असे शब्द वापरू नयेत. तसे बोलणाऱ्या उमेदवाराला ही चूक आपल्याकडून होऊ शकते असे वाटत नाही, आणि मला त्याचीच भीती वाटते.

बर्फ हा विषय आपल्याकडे गैरलागू आहे, असेही समजू नये. पावसाळ्यात कोकणावर शून्य अंशाची पातळी साधारण सोळा हजार फुटांच्या आसपास असते, आणि एटीआर तेवढ्याच उंचीवर, ढगांच्या पोटात उडत असते.

नियमांच्या प्रश्नांसाठी एकच सूचना : जुन्या प्रश्नसंचांवर विसंबू नये. १ जानेवारी २०२५ पासून १९३४ च्या विमान अधिनियमाची जागा भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने घेतली आहे आणि आरटीआर परीक्षेची जबाबदारीही डीजीसीएकडे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे) आली आहे. हातोहात फिरणाऱ्या जुन्या पीडीएफमध्ये हे बदल नसतात.

तोंडी गणित

कॅलक्युलेटर मिळत नाही, आणि मिळण्यासारखा असला तरी तो मागू नये. मुंबईचा मेटार (विमानतळाचा हवामान अहवाल) पुढ्यात ठेवून विचारतात : वारा २४० अंशांवरून १८ नॉट, झोत २८ नॉट, धावपट्टी २७, आडवा वारा किती? कोन तीस अंशांचा, म्हणजे निम्मा. सरासरी ९ नॉट, झोतात १४, आणि समोरून सुमारे २४. एवढे सांगून झाल्यावर आपणहून जोडावे की मेटारमधील दिशा भौगोलिक उत्तरेपासून मोजलेली असते आणि टॉवर सांगतो ती चुंबकीय उत्तरेपासून, मात्र मुंबईत हा फरक एका अंशाहूनही कमी असल्याने उत्तर बदलत नाही.

दुसरे ठरलेले गणित उतरण्याचे. विमान १७,००० फुटांवर आहे, विमानतळ २,००० फूट उंचीवर आहे आणि अंतिम टप्प्याच्या आरंभी जमिनीपासून १,५०० फुटांवर असायचे आहे. खाली यायला सुरुवात कोठे कराल? ३,५०० फुटांपर्यंत यायचे, म्हणजे १३,५०० फूट उतरायचे. हजार फुटांना तीन सागरी मैल या हिशेबाने साडेचाळीस मैल, आणि वेग कमी करण्यासाठी चार-पाच मैल धरून ४५ मैलांवर सुरुवात करायची. भूवेग २४० नॉट असेल तर त्याला पाचाने गुणून उतरण्याचा दर मिनिटाला १,२०० फूट. येथे मंडळ हमखास अडवते : १,२०० च्या दराने १३,५०० फूट उतरायला सव्वाअकरा मिनिटे लागतील, मिनिटाला चार मैल या हिशेबाने ते पंचेचाळीस मैल झाले. मग वेग कमी करायला राखून ठेवलेले मैल गेले कोठे? पाचाने गुणण्याचा नियम ढोबळ आहे, त्यामुळे दर १,३५० च्या जवळ ठेवावा लागेल, आणि मागून तीस नॉटचा वारा वाढला तर मिनिटाला अर्धा मैल जास्त सरकून पाच-सहा मैल आणखी आधी सुरुवात करावी लागेल, असे ज्याला तेथल्या तेथे सुचते त्याने नियम पाठ केलेला नसून समजून घेतलेला असतो. अशी दहा गणिते रोज चालताना, मोठ्याने बोलत सोडवावीत. साठास एकचा (साठ मैलांत एक मैल बाजूला म्हणजे एक अंशाची चूक) नियमही त्यांतच उरकून घ्यावा : तीस मैल गेल्यावर दोन मैल बाजूला पडलात, तर चूक चार अंशांची.

सिम्युलेटर

सिम्युलेटर कोणत्या विमानाचा असेल हे सांगता येत नाही. अनेकदा तो तुम्ही कधीही न पाहिलेल्या विमानाचा असतो, आणि ही गोष्ट परीक्षकालाही माहीत असते. अपेक्षित कार्यक्रम बहुधा असा असतो : उड्डाण, ठरावीक उंची गाठणे, पंचेचाळीस अंशांची वळणे, व्हीओआरचा रेडियल (ठरावीक दिशारेषा) पकडणे, होल्डिंगमध्ये (एका जागी घिरट्या घालण्याच्या ठरलेल्या मार्गात) प्रवेश, फ्लाइट डायरेक्टरशिवाय (पडद्यावरील मार्गदर्शक खुणांशिवाय) आयएलएस, गो-अराउंड (उतरणे सोडून पुन्हा वर जाणे), आणि वेळ उरल्यास एक इंजिन बंद.

बसण्यापूर्वी परीक्षकाला तीन-चार आकडे विचारून कार्डावर लिहून घ्यावेत : समपातळी उड्डाणात, उतरताना आणि आयएलएसवर नाक किती अंश आणि शक्ती किती. हे विचारणे कमीपणाचे नाही. न विचारणाऱ्याचे विमान पुढची वीस मिनिटे वेगामागे धावत राहते. ट्रिम (हातावर येणारा नियंत्रणाचा दाब काढून टाकणे) सतत करावा. टर्बोप्रॉपमध्ये शक्ती कमी-जास्त केली की नाक बाजूला जाते, म्हणून पाय जागे ठेवावेत. केवळ जेट विमानांच्या संगणकीय खेळांवर सराव केलेल्यांना ही सवय नसते आणि विमानाचा तिरपेपणा दाखवणारा उपकरणातील चेंडू सदैव एका बाजूला लोळत राहतो.

होल्डिंगचा प्रवेश समांतर, टिअरड्रॉप की थेट, हे तेथे बसून आठवत राहू नये. घरी वर्तुळ काढून निरनिराळ्या दिशांनी वीस प्रवेश हाताने काढावेत. चौदा हजार फुटांपर्यंत बाहेर जाणारा टप्पा एक मिनिटाचा आणि त्यावर दीड मिनिटाचा, वळणे सांगितले नसेल तर उजवी.

गुण मात्र सुईच्या अचूकतेपेक्षा इतरत्र दिले जातात. शंभर फूट वर गेलेल्या उमेदवाराने ‘उंची शंभरने जास्त आहे, दुरुस्त करतो’ असे म्हटले आणि दुरुस्त केले, तर परीक्षक ते आपल्या वहीत चांगल्या बाजूला लिहितो. तेच शंभर फूट गप्प राहून हळूच उतरवले, तर वेगळ्या बाजूला. चेकलिस्ट स्वतः मागावी. दुसऱ्या आसनावरील व्यक्तीला कामे वाटून द्यावीत. परीक्षकाने मध्येच काही सुचवले तर ‘होय, पण’ असे सुरू न करता पुढच्या वळणात ते करून दाखवावे, कारण अनेक परीक्षक तोच प्रयोग दोनदा देतात तो केवळ तुम्ही शिकता का हे पाहण्यासाठी. शक्य असल्यास मुलाखतीच्या आधीच्या आठवड्यात एखाद्या प्रशिक्षण संस्थेतील स्थिर सिम्युलेटरवर तीन-चार तास घ्यावेत. त्याहून अधिक खर्च करण्यात मला विशेष अर्थ दिसत नाही.

कॅप्टन चुकत असेल तर

वर्तनविषयक प्रश्नांत सर्वांत वजनदार प्रश्न हाच असतो. आपल्याकडे वडीलधाऱ्यांना उलट बोलायचे नाही हा संस्कार घरातून येतो, प्रशिक्षण संस्थेत तो पक्का होतो, आणि कॉकपिटमध्ये प्रत्येक वाक्य ‘सर’ने सुरू होते. ‘सर’ म्हणायला हरकत नाही. पण वाक्य तेथेच अडकता कामा नये. मंडळातील एक जण कॅप्टन होतो आणि दृश्य असे मांडतो : विमान ढगात आहे, जमिनीपासून एक हजार फूट, वेग पंधरा नॉट जास्त, उतरण्याचा दर वाढलेला, आणि कॅप्टन म्हणतो, ‘होईल, होईल, चल.’

ढगात हजार फुटांवर विमान स्थिर नसेल तर पुन्हा वर जायचे, हा सर्वमान्य दंडक आहे. चांगल्या उमेदवाराचे बोलणे साधारण पुढीलप्रमाणे चढत जाते. ‘सर, वेग पंधराने जास्त आहे.’ प्रतिसाद नाही. ‘सर, एक हजार फूट, आपण स्थिर नाही. गो-अराउंड करूया.’ तरीही प्रतिसाद नाही. ‘कॅप्टन, गो-अराउंड!’ आणि त्यानंतरही हालचाल नसेल तर ‘माझ्याकडे नियंत्रण’ असे म्हणून शक्ती वाढवणे. पहिल्याच वाक्यात नियंत्रण घेणारा आणि शेवटपर्यंत पहिलेच वाक्य म्हणत राहणारा, दोघेही अनुत्तीर्ण होतात. हा संवाद घरी कोणाला तरी समोर बसवून मोठ्याने म्हणावा. मनात म्हटलेले वाक्य आणि तोंडातून निघालेले वाक्य यांत फार अंतर असते.

कॅप्टनच्या तोंडाला मद्याचा वास येत असेल तर काय कराल, हा या प्रश्नाचा धाकटा भाऊ. उड्डाणापूर्वी बारा तास मद्य वर्ज्य आहे आणि श्वासतपासणी आहे. कॅप्टनशी एकांतात स्पष्ट बोलावे, उड्डाण स्वीकारू नये, आणि ते ऐकत नसतील तर कंपनीला कळवावे. ‘आधी कॉफी पाजेन’ असे उत्तर खरोखरच दिले गेले आहे.

‘जेट कंपनीने बोलावले तर सोडून जाल का?’ याला ‘कधीच नाही’ असे उत्तर देऊ नये, कारण ते कोणालाच खरे वाटत नाही. येथे मला हाताने विमान उडवायला, दिवसाला चार-पाच वेळा उतरायला आणि लहान विमानतळांचे हवामान ओळखायला मिळेल, कराराचा काळ मी पूर्ण करीन आणि येथेच कॅप्टन होण्याची संधी असेल तर तिचा आधी विचार करीन, एवढे प्रामाणिकपणे सांगितले तरी पुरते.

इंग्रजीविषयी

मराठी माध्यमातून आलेल्यांना मुलाखतीतील इंग्रजीची धास्ती असते, आणि ती बहुतांशी चुकीच्या जागी असते. मंडळ उच्चार तपासत नाही, स्पष्टता तपासते. सांगली जिल्ह्यातून आलेल्या एका मुलीने स्टॉल (पंखाची उचल अचानक कोसळणे) म्हणजे काय हे चार छोट्या, सरळ इंग्रजी वाक्यांत सांगितले आणि तिच्याआधी आलेल्या, फाडफाड बोलणाऱ्या उमेदवाराने दहा वाक्यांत सांगून शेवटी वेग आणि कोन यांची गल्लत केली. संकल्पना आधी मराठीत एखाद्या बहिणीला वा मित्राला समजावून पाहावी. जेथे अडखळाल तेथे भाषा कमी पडत नसून समज कमी पडत आहे असे जाणावे, आणि ती भरून काढल्यावर तेच इंग्रजीत बोलून फोनवर ध्वनिमुद्रित करून ऐकावे. उत्तर येत नसेल तर ‘मला माहीत नाही, हे मी अमुक पुस्तिकेच्या अमुक भागात पाहीन’ असे सांगावे. रचून दिलेले उत्तर अनुभवी कॅप्टनला दुसऱ्या वाक्यात कळते.

करार, औषधे आणि मध्यस्थ

निवड झाल्यास प्रशिक्षणाचा करार पुढे येतो. टाइप रेटिंगचा खर्च कोणी करायचा, करारबंधन किती वर्षांचे, ते मोडल्यास रक्कम दर महिन्याला घटत जाते की अखेरपर्यंत पूर्ण राहते, आणि प्रशिक्षणात कंपनीच्या कारणाने खंड पडल्यास काय, हे चार मुद्दे लेखी विचारावेत आणि वकिलाला दाखवूनच सही करावी. डीजीसीएच्या नियमानुसार सहवैमानिकाला राजीनाम्यासाठी सहा महिन्यांची पूर्वसूचना द्यावी लागते, हेही धरून चालावे. पैसे घेऊन ‘आतून’ नोकरी लावून देणाऱ्या मध्यस्थांना दाराबाहेरच ठेवावे. घरच्यांनी आधीच शेत किंवा फ्लॅट गहाण टाकलेला असतो, आणि या लोकांना ते ठाऊक असते.

नियुक्तीपूर्वी मादक पदार्थांची चाचणी होते आणि तिच्यात अफूवर्गीय द्रव्ये तपासली जातात. कोडीनयुक्त खोकल्याचे औषध त्यात येऊ शकते. मुलाखतीच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत आजारी पडल्यास डॉक्टरांना आपला व्यवसाय सांगूनच औषध घ्यावे आणि चिठ्ठी जपून ठेवावी.

मुलाखत संपल्यावर

बाहेर आल्यावर जेवायला जाण्याआधी विचारलेले सगळे प्रश्न वहीत उतरवून काढावेत, संध्याकाळपर्यंत अर्धे विसरले जातात. चुकलेल्या प्रश्नांची उत्तरे त्याच रात्री शोधावीत. सिम्युलेटरची फेरी दुसऱ्या दिवशी असेल तर तेच परीक्षक तोच प्रश्न पुन्हा विचारण्याची शक्यता चांगली असते. निकालाला काही आठवडे लागू शकतात, आणि नकार आला तर पुन्हा अर्ज करण्यासाठी कंपनीने घातलेली मुदत किती हे विचारून घ्यावे.

त्या काळात इन्स्ट्रुमेंट रेटिंगची मुदत कोणत्या महिन्यात संपते ते पाहून ठेवावे. ती जून ते सप्टेंबरच्या दरम्यान संपत असेल, तर नूतनीकरणाची उड्डाणे मे महिना संपण्यापूर्वीच उरकावीत. एकदा पाऊस लागला की बारामतीपासून गोंदियापर्यंतच्या धावपट्ट्यांवर बहु-इंजिन प्रशिक्षण विमानाची तारीख मिळाली तरी त्या दिवशी आकाश मिळेलच असे नसते.